वाढणाऱ्यांची खुशी

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या आमच्या गावी परवा दुपारी पुतण्याने शेतातल्या पार्टीची यादी वाचून दाखवली. मटण, भाकरी, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना, ग्लास भरून देणारी दोन मुले, सगळे रास्त होते. शेवटी मात्र ‘टिपसाठी काचेची बरणी’ आली आणि मी त्याला थांबवले. पुण्यात अशी ठेवतात म्हणे. ज्याला आपण अगत्याने बोलावले, त्याने आपल्याच धुऱ्यावर येऊन बरणीत नोट टाकायची, हे मला काही केल्या पटत नाही.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यातल्या लग्नांत पंगती गावची पोरेच वाढत आणि बाहेरून यायचा तो फक्त आचारी. शेवटची पंगत उठली की आजोबा त्याला मांडवात बोलावून कुंकू लावत, टोपी, दुपट्टा आणि नारळ देत. दुपट्ट्याच्या घडीत ठरल्या मजुरीहून वेगळी एक नोट असे, हीच त्याची खुशी; ती किती रुपयांची हे आम्हा पोरांना कधीच दिसले नाही. वाढणारे जेवल्याशिवाय आजोबा स्वतः पानावर बसत नसत. त्यांच्या या थोरपणावर आजी मनातून चिडलेली असे, कारण तिचे जेवण त्यांच्याही नंतर.

पिणे तेव्हा गोठ्यामागे चाले. ओतणारा घरचाच कोणी मेहुणा असे आणि आपली खुशी तो बाटलीतूनच वसूल करून घेई.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. त्या काळात वर्धा नदीपलीकडचे पाहुणे आमच्याकडच्या कार्यांना विशेष आठवणीने येत. वेटरच्या खिशात आधी नोट सरकवायची आणि मगच ग्लास पुढे करायचा, ही रीत मी तेव्हा जवळून पाहिली. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग निघतात. नोटवाल्याच्या ग्लासात ६० पडू लागले की बाटल्या अर्ध्या रात्रीतच संपतात आणि कोपऱ्यात संकोचून बसलेल्या एखाद्या मामाजींच्या वाट्याला नुसता सोडा येतो. म्हणून खुशी यजमानाने द्यावी, तीही पहिली बाटली उघडण्यापूर्वी, आणि पाहुण्यांकडून काही घ्यायचे नाही हे मुलांना तेव्हाच सांगून ठेवावे.

पुतण्याला हे पटले, पण त्याची अडचण निराळीच होती. त्या दोघांतला एक मुलगा आमच्याच गावचा, आयटीआयला शिकणारा; त्याच्या वडिलांनी आमच्या घरच्या लग्नात आहेर केलेला. “मोठे बाबा, त्याच्या हातावर पैसे कसे ठेवू?” शहरात हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे ट्रे धरणारा कोणाचा मुलगा आहे हे कोणी विचारत नाही. मी म्हटले, पाकीट दे, मजुरी म्हणूनच दे आणि दोघांना सारखे दे. घरची ओळख पुढे करून त्याची मजुरी बुडवणे हा त्याहून मोठा अपमान झाला असता.

मग मी विचारले, ही मुले रात्री एक वाजता घरी जाणार कशी? शेवटची एसटी केव्हाच गेलेली असते, आणि या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक रात्रभर धावतात. पार्टीत न पिणारा ड्रायव्हर कोण, हे त्या यादीत कुठेच लिहिलेले नव्हते.