कमळाच्या पानापुढून पाय निघेना

आज लेकीला घेऊन विद्यापीठातलं वैज्ञानिक छायाचित्रांचं प्रदर्शन पाहिलं. बाकीचं भराभर उरकलं, पण कमळाच्या पानाच्या फोटोपुढून आमचा पाय निघेना. हाताला गुळगुळीत लागणारं पान, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नुसते उंचवटेच उंचवटे, आणि त्यांवर मेणाच्या सूक्ष्म नळ्या! म्हणून तर पाणी टेकत नाही, थेंब धूळ घेऊन घरंगळतो. बॉन विद्यापीठाच्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी हे उलगडलं. १९९७ च्या शोधनिबंधानंतर याच तत्त्वावरचे भिंतींचे रंगही निघाले. माहिती देणारी पीएचडीची मुलगी लेकीच्या प्रत्येक ‘का?’ला थांबून, छान मराठीत उत्तर देत होती. किती बरं वाटलं! असे फोटो तालुक्याच्या एसटी स्टँडवरही लागायला हवेत. रविवारपर्यंत आहे, पोरांना नक्की न्या.