त्यापेक्षा दुकानातला परवडला नसता का?

फ्लॉरिडात आमच्याकडे पाहुणे आले आणि फ्रीजरमध्ये महीमही नावाच्या समुद्री माशाच्या तुकड्यांच्या पिशव्या दिसल्या, की प्रश्न ठरलेला असतो. "भाड्याची बोट करायची, दिवसभर उन्हात करपायचं, त्यापेक्षा दुकानातला मासा परवडला नसता का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवडला असता. कितीतरी स्वस्तात.

हिशेब आधी उरकते. आम्ही जातो इस्लामोराडाला. मायामीहून 'की वेस्ट' बेटाकडे जी बेटांची रांग जाते, त्यातलं हे एक गाव. गाडीने दीड-दोन तास. पूर्ण दिवसाची बोट म्हणजे दीड हजार डॉलर तरी गेलेच, हल्ली बहुतेक ठिकाणी जास्तच. अशा बोटींवर सहाच प्रवासी घेतात, कारण कप्तानाचा परवानाच तेवढ्यांचा असतो. गळ, आमिष, बर्फ, डिझेल सगळं त्यात आलं. मासे पकडायचं लायसन्सही आपल्याला वेगळं काढावं लागत नाही, बोटीचं चालतं. वर मेटला, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या खलाशाला, 15 ते 20 टक्के टिप. ती द्यायचीच, त्यात घासाघीस नको. बोटीवर सगळ्यांत जास्त राबतो तो हाच. आणि मासा लागला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

मग पैसे कशाचे मोजायचे? माझ्या मते शोधण्याचे.

माझं माहेर देवगडचं. खाडीच्या कडेला बसून गरवायचं, लागलं तर लागलं, हे लहानपणापासून बघितलेलं. इथे तसं नाही. प्रवाळाची रांग मागे पडली की पाण्याचा हिरवा रंग सरून गडद निळा सुरू होतो, तळ शेकडो फूट खाली जातो आणि चारही बाजूंना बघण्यासारखं काही म्हणजे काही उरत नाही. महीमही तळाशी किंवा खडकात राहत नाही. तो गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या उबदार पाण्यात, पृष्ठभागाजवळ सतत फिरत असतो. काल जिथे होता तिथे आज असेलच असं नाही. एवढ्या पाण्यात त्याला गाठायचं कसं?

कप्तान शोधत असतो ते गवत. सारगॅसम नावाचं पिवळट तपकिरी शेवाळ प्रवाहाबरोबर वाहत येतं आणि दोन प्रवाह जिथे घासतात तिथे त्याची लांबच लांब रेघ तयार होते. त्यात बोटाच्या पेराएवढे खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं लपलेली असतात. त्यांच्यासाठी छोटे मासे येतात, आणि छोट्यांसाठी महीमही. एखादी फळी किंवा तुटका दोर तरंगताना दिसला तरी कप्तान वळसा घालून बघून येतो. दुसरी खूण पक्ष्यांची. सुरय घोळक्याने पाण्यावर झेपावत असतील तर खाली बहुतेक छोटे मासे असतात. पण काळा, दुभंगलेल्या शेपटीचा फ्रिगेट पक्षी एकटाच घिरट्या घालत खाली येताना दिसला, की कप्तान बोलणं अर्धवट टाकून वेग वाढवतो. फ्रिगेटला पाण्यात उतरता येत नाही, त्याची पिसं भिजतात. म्हणून तो मोठ्या माशांच्या मागावर राहतो. महीमहीला चुकवायला उडते मासे बाहेर झेपावले की हवेतच टिपतो. आमच्याकडचे तांडेलही पाण्याच्या रंगावरून आणि पक्ष्यांवरून अंदाज बांधतात, तेव्हा ही विद्या मला परकी वाटली नाही. फक्त इथे ती बघण्याचे पैसे पडतात.

मासा लागला की नुसती पळापळ. बोटीच्या दोन्ही बाजूंच्या लांब काठ्यांवरून आमिष ओढत नेत असतात, त्यातली एक दोरी फटकन सुटते. मासा सोनेरी झेप घेतो. जाणता मेट पहिला मासा लगेच वर ओढू देत नाही. गळाला लागलेला पाण्यात असेपर्यंत त्याचा थवा सोबत राहतो. मग आमिषाचे तुकडे टाकून बाकीच्यांना जवळ ठेवायचं आणि हलक्या रॉडने एकेक काढायचा. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 20 इंच भरला नाही तर परत पाण्यात. नर मोठा झाला की कपाळ भिंतीसारखं उभं होतं, मादीचं डोकं गोलसर राहतं.

एक गोष्ट मात्र मला आजही नीट बघवत नाही. बोटीत आलेला महीमही सोनेरी, हिरवा, निळा असा अंगभर झगमगत असतो. रंग लाटेसारखे सरकतात, निळे ठिपके उमटतात आणि विझतात. काही मिनिटांत सगळं ओसरून तो राखाडी पडतो. दुकानात काचेआड दिसतो तो हा. त्याला धरून फोटो काढत बसणाऱ्यांचा मला राग येतो, कारण तेवढ्यात तो बर्फात जायला हवा. उन्हात राहिला तर त्याच्या मांसात विषबाधा करणारं हिस्टामिन तयार होतं, आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही.

हा मासा झपाट्याने वाढतो. चार-पाच महिन्यांत अंडी घालण्याच्या वयाचा होतो आणि चार-पाच वर्षांपलीकडे क्वचितच जगतो. म्हणून त्याला खाताना माझं मन तितकं खात नाही, इतकंच. मांस घट्ट, चरबी कमी. रवा लावून तळताना जरा जास्त वेळ ठेवला की चोथा. मी नारळाच्या रसात आमसुलं टाकून सार करते आणि तुकडे अगदी शेवटी सोडते.

या उत्तरानंतर दुसरा प्रश्न येतोच, "मग आम्हाला नेशील का?" नेईन. मे-जूनमध्ये या. बोट लागत असेल तर गोळी आदल्या रात्रीच घ्या, समुद्रात पोचल्यावर घेतलेली फुकट जाते. डब्यात पोळीभाजी, ठेपले, काय हवं ते आणा. फक्त केळी नकोत. बोटीवर केळं आलं की मासा लागत नाही, यावर इथल्या कप्तानांची अढळ श्रद्धा आहे. तुम्ही हसाल, पण पिशवीत सापडलं तर कप्तान ते तुमच्यादेखत धक्क्यावरच्या पेलिकनपुढे टाकेल. केळ्याच्या वेफर्सचं काय, असं एकाने विचारलं होतं. तेही गाडीतच ठेवून आलो.