शनिवारची सकाळची शाळा आणि डांगराचा वेल

आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहून पाठव म्हणून ग्रुपवर सारखे मेसेज येतायत. गॅदरिंग, लेझीम, स्कॉलरशिप यावर बाकीचे लिहिणारच, म्हणून मी किचनशेडमागच्या परसबागेवर लिहितो.

2003 च्या आसपास जे तिसरी-चौथीत होते त्यांना आठवत असेल, हापशाचं पाणी सांडून तिथं कायम चिखल असायचा. गुरुजींनी आमच्याकडूनच तिथून चारी काढून घेतली आणि मागं वाफे पाडले. त्याआधी आम्ही महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीतून घरी न्यायचो, शाळेत शिजवलेली खिचडी तेव्हा नवीनच होती, आणि त्या खिचडीत मावशी बागेतला पालक, कोथिंबीर टाकायच्या.

गावात मात्र कुरकुर झाली. "मातीच उकरायची तर पोरं शाळेत कशाला घालायची, रानात कामं कमी आहेत का?" आता खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं, खुरपं धरायला आम्हाला कुणी शिकवायची गरजच नव्हती. पण घरी काही विचारलं की "गप खुरप" एवढंच ऐकायला मिळायचं, आणि इथं गुरुजी स्वतःच प्रश्न विचारून गप्प बसायचे, तेही दोन-दोन दिवस.

गाठी मारलेल्या सुतळीनं दोन मीटर बाय एक मीटरचा वाफा आखायचा, कडेनं चालत गेलं की परिमिती, आणि आत किती बी लागेल ते काढायला क्षेत्रफळ. मेथी चौथ्या दिवशी वर आली, धणे आठवडा झाला तरी ढिम्म. अर्ध्या वाफ्यात अख्खे धणे आणि अर्ध्यात चपलेखाली रगडून दोन फाकी केलेले असं गुरुजींनी मुद्दाम लावलेलं, आणि कुठले आधी उगवतात ते वहीत लिहायचं काम आमच्याकडं.

सगळ्यात जास्त आठवतं ते डांगर. वेलाला फुलंच फुलं, पण डांगर एकही धरेना. गुरुजींनी फुलं उलटी करून बघायला लावली, तर काहींच्या बुडाशी बारकं गोळ्याएवढं डांगर आधीपासूनच होतं आणि बाकीच्यांना नुसता लांब देठ. मग नर फूल, मादी फूल, पराग, सगळं तिथंच कळलं. अडचण अशी की ही फुलं पहाटे उमलतात आणि आमची प्रार्थना होईपर्यंत मिटून जातात, त्यामुळे हा तास फक्त शनिवारी, सकाळची शाळा असायची तेव्हा. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतला दांडा मादी फुलाला हलकेच टेकवायचा. मधमाशा आल्या की आमची सुट्टी, कारण ते काम त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमायचं. ज्या फुलाला दोरा बांधला होता त्याचं डांगर पुढं एवढं मोठं झालं की मावशींना एकटीला उचलेना.

चवळी उपटली तेव्हा मुळांवर गाठी दिसल्या, आम्हाला वाटलं रोग पडला. ब्लेडनं कापली तर आत गुलाबी. गुरुजी म्हणाले, यात राहणारे जंतू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. रायझोबियम हे नाव पुढं हायस्कुलात आलं तेव्हा बाकीची पोरं पाठ करत होती.

डीएडला 1937 ची वर्धा शिक्षण परिषद, झाकीर हुसेन समिती, गांधीजींचं हस्तोद्योगातून शिक्षण असं सगळं मी मार्कांसाठी घोकलं. शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी खुरपं धरलं असेल असं मला वाटत नाही.

आता मी स्वतः शिक्षक आहे, आणि शाळेतल्या बागेची खरी परीक्षा मे महिन्यात असते हे मी सांगू शकतो. सुट्टीत पाणी कोण घालणार? गुरुजी त्या भानगडीत पडलेच नाहीत. मार्चमध्ये बाग बियांवर सोडायची, बी वाळवायचं, राखेत घालून डब्यात ठेवायचं आणि जूनमध्ये नवीन चौथीच्या हातात द्यायचं. आजकाल मोठमोठे प्रोजेक्ट ठिबक लावूनही उन्हाळ्यात जळून जातात, तेव्हा त्या डब्यांची आठवण होते.

आता मुद्द्याचं. महोत्सवानिमित्त सगळ्या आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवायचं चाललंय म्हणे. बसवा, पण किचनशेडमागची पट्टी तेवढी सोडा, हात धुवायच्या बेसिनचं पाणी तिकडं आरामात वळतंय. माझी वर्गणी कुंपणाच्या जाळीसाठी धरा. आणि जाळी पाच फुटी घ्या, आपल्या गावच्या शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहतात.