घेऊन जा गे मारबत

तान्हा पोळा, रात्री

"इतका विचार काहून करून राहिली? विचार केला का तसंच होते." वहिनी पुरणपोळीचा डबा द्यायला आली होती, जाताना दारातून म्हणाली.

दिवसभर तेच एक डोक्यात. म्हणजे रिपोर्ट वाईट आला तर तो मी ओढवून घेतला, असं धरायचं का? स्तनात गाठ हाताला लागली त्या सकाळी मी कसलाच विचार करत नव्हते.

बायोप्सीसाठी गाठीचे तुकडे मंगळवारी काढले. आधी लिग्नोकेनचं इंजेक्शन, ते तेवढं चुरचुरतं. मग १४ गेजची, म्हणजे जरा जाड सुई, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत आत नेतात. स्प्रिंग सुटताना स्टेपलरसारखा आवाज होतो. तो आधीच एकदा ऐकवतात, कारण माणूस दचकून हलला तर सुई सरकते. पाच तुकडे घेतले, मग दहा मिनिटं जागा दाबून धरली. काळंनिळं झालंय, ते काही दिवस राहणारच. दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन नाही.

तुकडे निघाल्याबरोबर फॉर्मलिनच्या डबीत जातात. पेशी जशा होत्या तशाच थांबवून ठेवणं, एवढंच फॉर्मलिनचं काम. ६ तास तरी ठेवावं लागतं, ७२ तासांपर्यंत चालतं, म्हणून मध्ये पोळ्याची सुट्टी आली तरी बिघडत नाही. नंतर पॅराफिनच्या मेणात बसवून ४-५ मायक्रॉनचे काप घेतात, त्यांना रंग देतात, तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्ट भिंगाखाली बघतात.

म्हणजे उत्तर मंगळवारीच ठरलंय. धंतोलीत, लॅबमधल्या एका डबीत आहे ते. मी आज हसले काय नि रडले काय, तिथपर्यंत काही पोचत नाही. हे पक्कं माहीत असूनही संध्याकाळी मेथी निवडताना "नसेलच, नसेलच" चाललं होतं, आणि मध्येच "असला तर?" आलं तेव्हा चोरी पकडल्यासारखं झालं. आधीच भीती, वर भीती वाटल्याची भीती. एवढं कशाला माझ्याच वाट्याला?

आईला अजून सांगितलं नाही. ते राहू दे.

सोनोग्राफीवर ४ए लिहिलंय, म्हणजे संशय कमी, पण तपासून बघायला हवं. अशा शंभर गाठींत दोन ते दहा कॅन्सरच्या निघतात, नव्वद तरी साध्या. "काही नाही होत" यापेक्षा मला या आकड्याचा धीर वाटतो, कारण त्यात त्या दोन ते दहा जणींनाही जागा आहे. आणि त्यांच्यातली निघाले तरी? डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली छापून आला. ज्यांचं मन उभारीत होतं ते जास्त जगले, असं त्यात दिसलं नाही. मला हे वाचून सुटल्यासारखं झालं. औषधाचं काम औषधानं करावं, माझ्या हसण्यावर ते टाकू नये कुणी.

सकाळी टीव्हीवर नागपूरच्या मारबतीची मिरवणूक लावली होती, रोगराई घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात तो पुतळा. महाल-इतवारीत लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, रोगराई घेऊन जा गे मारबत! लहानपणापासून ऐकतेय. सगळं नाव घेऊन ओरडतात. आमच्या घरात मंगळवारपासून सगळे "ते" म्हणतात. दुपारी कुणी नव्हतं तेव्हा स्वयंपाकघरात मी मोठ्यानं म्हणून पाहिलं: कॅन्सर घेऊन जा गे मारबत. दोनदा म्हटलं. मग रडले, आणि बऱ्याच दिवसांनी नीट भूक लागली. पुरणपोळी खाल्ली. वहिनीच्या हातची ती, चांगलीच होती.

तीसुद्धा घाबरलीय. डबा देताना माझ्याकडे बघत नव्हती.

रिपोर्ट सोमवारी. लांबला तरी लगेच वाईट धरायचं नाही. कधी खोलवरचे काप पुन्हा घ्यावे लागतात, कधी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची तपासणी लावतात, त्यात आणखी दिवस जातात. साधी गाठ असं आलं तरी एक प्रश्न विचारायचाच: सोनोग्राफीत दिसलं त्याच्याशी हे जुळतं का? जुळत नसेल तर सुई नेमक्या जागी लागली नसेल, पुन्हा तपासावं लागतं. वहीत लिहून ठेवलंय. तोवर सगळ्यांचे फोन नवऱ्यानेच घ्यायचे, हेही सांगून झालं.

उद्या डबा परत द्यायला जाईन तेव्हा वहिनीला म्हणणार आहे, सोमवारी ये. काही बोलू नको, नुसती बस जवळ.