रांजणवाडी नव्हती ती! माझा अनुभव

लेकाची सर्दी रेंगाळली होतीच, त्यात एका सकाळी डावा डोळा सुजून बंद. सासूबाई म्हणाल्या, रांजणवाडी असेल, शेक दे. पण अंगात ताप होता आणि अख्खी पापणी लालबुंद. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी पापणी उचलून धरली, "बाळा, मान न हलवता माझ्या बोटाकडे बघ." वर बघताना तो कळवळला. त्यांनी तिथेच ॲडमिटची चिठ्ठी लिहिली.

पापणीच्या आत एक पातळ पडदा असतो. सूज त्याच्या पुढे असेल तर बहुतेकदा गोळ्या-औषधांवर भागतं. मागे, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत गेली (ऑर्बिटल सेल्युलायटिस) की डोळा हलवताना दुखतो, पुढे येतो, नजरही जाऊ शकते. सगळा फरक त्या पडद्याचा.

सीटी स्कॅनमध्ये मूळ नाकात निघालं. डोळ्याची खोबण 7 हाडांची, पण नाकाकडची भिंत इतकी पातळ, की तिच्या लॅटिन नावातच कागद आहे. पलीकडे एथमॉइड सायनस, म्हणजे नाकालगतच्या हाडातली हवेची पोकळी, पूने भरलेला, अलीकडे हाडाला लागून पूचा छोटासा थर. शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. 24 ते 48 तासांत उतार पडला नाही तर नाकातून दुर्बिणीने पू काढायचा, असं ठरलं.

सिस्टर दर वेळी उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यातही टॉर्च मारायच्या. मी विचारलंच. खोबणीतल्या शिरा मेंदूखालच्या कॅव्हर्नस सायनसला मिळतात. हा सायनस म्हणजे रक्ताची पोकळी, नाकातल्या सायनसशी संबंध नाही. दोन्ही बाजूंच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या, डोळे हलवणाऱ्या नसाही तिथूनच जातात. तिथे संसर्ग होऊन रक्त गोठलं तर दुसरा डोळाही सुजतो. या शिरांतून रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकतं, म्हणून तर नाकाजवळची पुळी फोडू नये म्हणतात!

आणखी एक तपासणी मला फार आवडली. रक्ताच्या नळीचं लाल टोपण आधी एका डोळ्यासमोर, मग दुसऱ्या. "दोन्हीकडे सारखंच लाल ना?" नजरेच्या नसेवर दाब आला की लाल रंग फिका दिसू लागतो. दुसरीतला मुलगा, त्याला तो खेळच वाटला, "टोमॅटो!" म्हणायचा.

मेडिक्लेमवाल्यांनी मात्र "डोळ्याच्या सुजेला ॲडमिट कशाला?" म्हणून डोकं उठवलं. सीटीचा रिपोर्ट जोडला, तेव्हा गप्प बसले.

ताप उतरला, पापणी उघडली, ऑपरेशन टळलं. गोळ्यांचा कोर्स घरी पुरा केला. शाळा सुरू झाली आहे. पोहायला मात्र ईएनटीवाल्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.