फोर-बाय-फोर जीपला टू-व्हीलचा गिअरबॉक्स?
भाच्यानं अंबडहून विलीज ठेवणीची जुनी फोर-बाय-फोर जीप आणली. ट्रान्सफर केसचे, म्हणजे गिअरबॉक्समागून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे, गिअर गेलेले. म्हणाला, "मामा, टू-व्हीलचा, म्हणजे नुसती मागची चाकं ओढणाऱ्या जीपचा, गिअरबॉक्स बसवून टाकू."

बसतो, पण नुसते बोल्ट जुळून भागत नाही. या जीपचा मागचा शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणारा फिरता दांडा, मधोमध निघत नाही, ट्रान्सफर केसच्या एका बाजूनं निघतो. म्हणून मागचं डिफरन्शियलही (दोन चाकांमधला गिअरचा गोळा) बाजूला सरकलेलं असतं. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सचं तोंड मात्र मधोमध. त्या गोळ्याचं जुनंच हाऊसिंग (कवच) ठेवलं तर शाफ्ट तिरका फिरतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. हाऊसिंगही बदलायचं, मग त्या मापानं शाफ्ट करून बॅलन्स करून घ्यायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडब्रेक. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागंच असतो. केस उतरली की तोही गेला. दुसरी सोय केल्याशिवाय धारूरचा घाट चढू नका. स्पीडोमीटरची केबलही तिथूनच निघते.

शिवाय मनानं केलेल्या फेरफाराला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं.

आमच्या काळ्या रानात पावसाळ्यात लो गिअरशिवाय ट्रॉली निघत नाही, आणि तो लो गिअर ट्रान्सफर केसमध्येच असतो. मी भाच्याला ट्रान्सफर केसच दुरुस्त करायला लावली.