आमची वाटचाल : हजेरीपटावरचे १९

आमच्या लोखंडी ओतकामाच्या कारखान्याचा सर्वांत जुना आकडा कोणता, असे कोणी विचारले तर मी स्थापनेचे वर्ष सांगत नाही, १९ हा आकडा सांगतो. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा वीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या कारखान्याला लागू होत असे, आणि आमच्या हजेरीपटावर अनेक वर्षे बरोबर १९ नावे होती. भट्टीपाशी, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) आणि फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) मिळून प्रत्यक्षात चौतीस माणसे राबत असत. उरलेल्या पंधरा जणांची मजुरी एका वेगळ्या वहीत लिहिली जाई, आणि ती वही तपासणीच्या दिवशी आमच्या घरी असे.

वडिलांनी १९७८ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवण्याची कोकवरची उभी भट्टी, पेटवली. तो काळ ऑईल इंजिनांचा होता. नदीकाठचा ऊस वाढत होता, त्याला पाणी उपसायला इंजिने लागत होती आणि त्या इंजिनांचे सुटे भाग ओतणारी फौंड्री उद्यमनगराच्या जवळजवळ प्रत्येक बोळात होती. वडील स्वतः मोल्डर होते आणि मालक झाल्यावरही वितळलेल्या लोखंडाचे लॅडल (ओतण्याचे भांडे) धरायला मागे राहत नसत. कामगारांवर त्यांची माया होती. कोणाच्या घरी लग्न असले तर उचल द्यायची, कोणी आजारी पडले तर डॉक्टरांचे बिल भरायचे, दसऱ्याला खंडेपूजन झाले की सर्वांना कपडे करायचे, असा त्यांचा रिवाज होता. पण ही माया त्यांच्या मर्जीवर होती. कामगाराचा हक्क म्हणून त्यातले काहीही कागदावर नव्हते, आणि हे मला फार उशिरा उमगले.

डिप्लोमा करून मी १९९६ मध्ये कारखान्यात आलो. तोपर्यंत आम्ही शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या जागेत आलो होतो. २००१ च्या उन्हाळ्यात बावीस वर्षे काम करून आमचे एक मोल्डर निवृत्त झाले. हार झाला, नारळ झाला. महिन्याभराने ते पुन्हा आले, ऑफिसच्या दारात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, “धाकलं मालक, माज्या पेन्शनीचा कागूद कवा याचा?” त्यांचे व्याही साखर कारखान्यात होते आणि त्यांना निर्वाह निधीतून दरमहा निवृत्तिवेतन मिळू लागले होते. आपणही तितकीच वर्षे राबलो, तेव्हा आपलाही कागद कुठेतरी वाटेवर असणार, अशी या गृहस्थांची साधी समजूत होती. त्यांचे नाव कधी हजेरीपटावर असे, कधी घरच्या वहीत. निधीत त्यांच्या नावावर एक रुपयाही नव्हता.

ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा प्रत्येक कारखान्याला लागू होता, त्यामुळे त्यातून पळवाट नव्हती, आणि ती शोधण्याची इच्छाही तेव्हा उरली नव्हती. त्यांची शेवटची मजुरी महिना ३,९०० रुपये होती. तिला २६ ने भागून आलेले १५० रुपये, गुणिले १५ दिवस, गुणिले २२ वर्षे, असे ४९,५०० रुपये मी त्यांच्या हातात ठेवले. पेन्शनची भरपाई त्याने होत नाही, हे मला कळत होते. म्हणून कारखान्याच्या खर्चातून त्यांना हयातभर दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे ठरवले आणि ती आम्ही शेवटपर्यंत पोहोचवली. ते मात्र ती घेताना दर वेळी ‘उपकार झाले’ म्हणत, आणि नेमके तेच मला ऐकवत नसे.

पुढच्या एप्रिलपासून चौतीसच्या चौतीस नावे एकाच हजेरीपटावर घेतली. सल्लागारांनी मला परोपरीने समजावले की आजपासून सुधारा, पण मागचे उकरू नका. मागचे उकरल्याशिवाय इतरांची गेलेली वर्षे परत येणार नव्हती, म्हणून मी स्वतः निर्वाह निधीच्या कार्यालयात जाऊन थकबाकी, व्याज आणि दंड यांची आकारणी करून घेतली. त्यात दोन वर्षांचा नफा गेला. वडील त्या काळात माझ्याशी फारसे बोलत नव्हते. पैशाचे त्यांना तितके वाटले नाही, पण आपल्या मायेचा हिशोब पोराने चुकीचा ठरवला असे त्यांना वाटले असावे. आजही त्या बाबतीत मी त्यांना पूर्ण दोषी धरू शकत नाही, कारण आजूबाजूच्या शेडमध्येही तेव्हा १९ च नावे असत.

त्यानंतर पैसे देण्याचा एक क्रम ठरला. आधी मजुरी, मग निधी आणि ई.एस.आय. (कामगार विमा), मग वीजबिल, मग पिग आयर्न (कच्चे लोखंड) व भंगाराचे देणे, मग बँकेचा हप्ता आणि शेवटी आमचे घर. कायद्याने मजुरी सात तारखेच्या आत द्यावी लागते. ग्राहकाने लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो, पण प्रत्यक्षात ते नव्वद दिवसांनी येतात. त्यामुळे हा क्रम पाळायचा म्हणजे तीन महिन्यांची मजुरी नेहमी बाजूला ठेवावी लागते. ती रक्कम जमवायला आम्हाला चार वर्षे लागली आणि त्या काळात क्युपोला काढून विजेवरची इंडक्शन भट्टी बसवण्याचे काम पुढे ढकलले गेले. भट्टी अखेर २००७ मध्ये आली.

त्या बाजूला ठेवलेल्या पैशांचा उपयोग पुढे झाला. २००८ च्या अखेरीस वाहन उद्योगाच्या ऑर्डरी आटल्या तेव्हा आम्ही कोणाला कमी केले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर येऊन शिरोलीपाशी रस्ता कित्येक दिवस बंद होता, तेव्हाची मजुरी कापली नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पूर्ण वेतन देण्याचा केंद्राचा आदेश निघाला आणि मे महिन्यात तो मागेही घेतला गेला. आम्ही मात्र जून सरेपर्यंत पूर्ण पगार दिला. आमच्याकडच्या बिहारी मुलांपैकी काही जण तरीही श्रमिक गाड्यांनी गावी गेले, कारण त्यांच्या आईवडिलांना आमच्या ताळेबंदाशी काही देणेघेणे नव्हते.

कामगारांचे कल्याण केले की नफा आपोआप वाढतो, असे उद्योगमेळाव्यांतून सांगितले जाते. आमचा ताळेबंद तसे सांगत नाही. जुनी माणसे टिकली की साचे कमी फुटतात आणि रिजेक्शन, म्हणजे नाकारला जाणारा माल, कमी येते हे खरे, पण त्यातून वाचलेला पैसा वाढीव खर्च भरून काढत नाही. एका मोठ्या ग्राहकाने दर चार टक्क्यांनी उतरवायला सांगितले आणि सोबत सल्लाही दिला की फेटलिंगची माणसे कंत्राटदाराकडे द्या, तुम्हाला परवडेल. आम्ही नकार दिला आणि आमचे जवळजवळ एक तृतीयांश टनेज, म्हणजे ओतकामाचे काम, गेले. मूळ वेतन कमी दाखवून उरलेली रक्कम भत्त्यांत टाकायची आणि निधीची वर्गणी वाचवायची, ही युक्तीही आम्ही वापरली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना सरसकट मिळणारे असे भत्ते वर्गणीसाठी धरावेत असा निकाल दिला, तेव्हा आम्हाला काहीच बदलावे लागले नाही, एवढे समाधान मिळाले.

सर्वांत अवघड बाब धुळीची आहे. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, आणि ओतीव भाग घासताना तिचा डोळ्यांना न दिसणारा बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतो. सिलिकोसिस बरा होत नाही. आम्ही वर्षातून एकदा सर्वांचा छातीचा एक्स-रे काढतो. २०१४ मध्ये ग्राइंडिंगवरच्या एका कामगाराच्या एक्स-रेत डाग दिसले आणि त्यांना त्याच पगारावर पॅटर्नच्या (साच्यांसाठीच्या नमुन्यांच्या) कोठारात घेतले. ‘बसून पगार’ म्हणून काही दिवस कुजबुज झाली, ती त्यांच्या खोकल्याने आपोआप थांबली. मास्क आम्ही आधीपासून देत होतो, पण मास्क लावला की तंबाखू थुंकता येत नाही, ही अडचण कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसते. धूळ नाकापाशी अडवण्यापेक्षा ती जिथे उडते तिथेच ओढून घेतली पाहिजे, हे मला त्या एक्स-रेने शिकवले. तेव्हा निम्म्या ग्राइंडरांना धूळ ओढणारे डक्ट बसवले. उरलेले निम्मे आजही तसेच आहेत, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

यंदा हाती थोडा पैसा आहे. मुलगा दोन वर्षांपासून कारखाना पाहतो. त्याचे म्हणणे असे की दुसरी भट्टी घेतली तर गेलेले टनेज परत मिळवता येईल आणि डक्ट पुढच्या वर्षी त्या कमाईतून होतील. त्याचा हिशोब मी दोनदा तपासला, त्यात चूक नाही. तरीही डक्टची ऑर्डर गेल्या आठवड्यात मी सही करून पाठवली. भट्टीचे कोटेशन टेबलाच्या खणात आहे, त्याची मुदत मार्चअखेर संपते आणि त्याआधी तो ते पुन्हा माझ्यापुढे ठेवणार आहे.